दाणे म्हणजे काय

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरात मराठी सगळेच बोलतात आणि देवनागरी कोणालाच वाचता येत नाही. कोणालाच म्हणजे मला सोडून. मी ती चाळिशीत हट्टाने शिकलो. तेव्हापासून जुन्या मराठा राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत लग्नपत्रिका असो की औषधाची पुडी, देवनागरीत काही आलं की ते माझ्यासमोर येतं. मी चष्मा पुसतो, घसा साफ करतो आणि वाचतो. न कळणारा शब्द आला तरी थांबत नाही. थांबलं की मान जातो.

मुलगी सतरा वर्षांची, आठशे मीटर धावते. टायफॉइडने तिचं वजन उतरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, प्रथिनं वाढवा. अंडं ती खात नाही, दूध सोसत नाही. उरल्या वनस्पतींच्या पावडरी. पण तिला वेरकडलै, म्हणजे भुईमूग, चालत नाही. सहा वर्षांची असताना पापनाशमच्या बस स्टँडवर तिने वेरकडलैच्या चिक्कीचा अर्धा तुकडा खाल्ला आणि तिचा श्वास अडकला होता. दुकानातला एकेक डबा आम्ही उलटून पाहिला. शेवटी बारीक अक्षरांत हटकून लिहिलेलं, याच कारखान्यात वेरकडलैही दळली जाते.

म्हणून पुण्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, घरगुती पावडर करायला सांगितली. सांगितलं काय, तर "नट्स नकोत." भाचीची ॲलर्जी तिला एवढ्या एकाच शब्दात कळवून मी मोकळा झालो.

डबा सकाळीच आला. वर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. बायको पापनाशमच्या शाळेत शिकवते, ती गाडीला गेलेली. मुलगी बूट बांधून तयार.

"अप्पा, वाचा ना. वेळ झाला."

"वाटाणा. म्हणजे पट्टाणी."

"सरि, चालेल."

"तांदूळ. मूग. राजगिरा." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. "राजांचं धान्य. आपल्याच लोकांनी इकडे आणलं असेल."

"मग आपल्या घरी कधीच कसं नाही केलं?"

"राज्य गेलं ना. पुढे ऐक. भाजलेले दाणे. वेलची."

"दाणे म्हणजे कसले?"

आमच्या घरात दाणा म्हणजे दाणा. तांदळाचा, मिरीचा, कसलाही. "धान्याचे," मी म्हणालो. "वर लिहिलंय त्याचेच."

तिने दोन चमचे बाटलीत घातले, पाणी ओतलं आणि सायकलवर बसून मैदानाकडे गेली.

पावती कळवावी म्हणून मी अक्काला फोन लावला. ती खुशीत होती.

"वास बघितलास का? दाणे मंद आचेवर भाजलेत, सालं पाखडून काढली."

"सालं कसली?"

"दाण्यांची."

"अक्का, दाणे म्हणजे काय?"

"अरे, शेंगदाणे. भुईमुगाचे. इतकी वर्षं झाली, दाणे माहीत नाहीत तुला?"

"नट्स नकोत म्हणालो होतो."

"काजू-बदाम काढले की. दाणे कुठे नट्स असतात?"

"पोर तेच घेऊन गेलीय," म्हणालो आणि फोन ठेवला. मुलीला लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. डबा काखेत मारला, स्कूटर काढली. धावून झाल्याशिवाय ती काही पीत नाही, असं मी स्वतःला वडवार नाक्यावरच्या वळणापर्यंत सांगत होतो. पुढे आठवलं, ऊन असलं की आधीही पिते. ऊन होतं.

ती मैदानाच्या पायरीवर बसली होती. बाटली शेजारी, झाकण उघडं. ओठ सुजलेला, मान खाजवून लाल.

"दोनच घोट," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "चव ओळखीची वाटली. ॲलर्जीची गोळी घेतली."

तिला मागे बसवलं. "बोलत राहा," मी म्हणालो. ती राजगिरा, राजगिरा म्हणत राहिली. मधे एकदा थांबली, तेव्हा मी रस्ता न बघता मागे वळून बघितलं.

दवाखान्यात तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, आणि मला बाहेर काढलं. बाकावर किती वेळ बसलो कोण जाणे. फोन वाजला. अक्का.

"वाचली ना रे?"

"वाचली," मी म्हणालो. "पण चुकीची वाचली."



"म्हणजे काय?" अक्का अगदी हळू म्हणाली.

"चिठ्ठी गं. दाणे म्हणजे धान्य समजलो."

"चिठ्ठी घाल चुलीत. पोर वाचली का ते सांग."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, श्वास मोकळा झालाय, पण संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे, परत उलटू शकतं. आणि त्या पावडरीत काय काय होतं, ते सगळं मला नीट हवंय.

"वाचली," मी अक्काला सांगितलं. ती रडायला लागली. तिला थोडं रडू दिलं. मग म्हणालो, ठेवू नकोस, आणि फोनचा आवाज मोठा करून डबा गुडघ्यावर घेतला.

मी चिठ्ठीवरचा एकेक शब्द वाचत होतो, नुसता वाचत होतो. अक्का पलीकडून तो शब्द म्हणजे काय ते सांगायची, आणि मग मी ते तमिळमध्ये डॉक्टरीणबाईंना. राजगिऱ्याला तमिळमध्ये काय म्हणतात ते अक्कालाही येईना, तिथे तिघेही अडलो.

"माहीत नाही," मी म्हणालो.