ट्रकच्या कडेने घातलेली शिवण

शिंपीणबाई एका ट्रकवाल्याच्या नादी लागल्यात, अशी कुजबुज त्या गल्लीत एके काळी होती. कुजबुज आपली म्हणायची. इस्त्रीवाल्याची बायको कुजबुजली की गल्लीच्या पार टोकाला ऐकू जायची. पुरावाही पक्का. दूधवाल्याने बसच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हायवेच्या कडेला भलामोठा ट्रक, चपला हातात घेऊन त्याच्या केबिनमध्ये बसलेल्या शिंपीणबाई, आणि खाली लाल गाडीत एकटाच बसून हॉर्न बडवणारा त्यांचा नवरा. नवरा खाली बोंबलतोय आणि ही बया वर! यापुढे कल्पना करायला दूधवाल्याची गरज नव्हती. इस्त्रीवाल्याची बायको त्या कामाला समर्थ होती.

बाईंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं दुकान एकच, एका खोलीचं. खिडकीकडे शिलाई मशीन आणि माणूसभर उंचीचा आरसा, दाराकडे घड्याळांचं टेबल. तिथे बसणाऱ्या नवऱ्याला सगळे घड्याळकाका म्हणत. साऱ्या जन्माचं काम डोळ्यांचं, आणि दगा दिला तो डोळ्यांनीच. एक डोळा आधीच गेला होता. उरलेल्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागे, तेही हायवेने शहरात जाऊन. एकदा जरी चुकवलं तरी हाही डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. सुरुवातीला बाईंचे धाकटे दीर आपल्या गाडीतून नेत. मग त्यांची बदली झाली. जाताना गाडी भावाच्या दारात ठेवून ते म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच शिका." बसने जायचं तर दोन ठिकाणी उतरून दुसरी धरायला लागे, आणि डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला त्या रेटारेटीत घालायला बाईंचं मन धजेना. तेव्हा त्या शिकल्या.

गावात छान चालवायच्या. भाजीबाजारातून गाडी अशी काढायच्या की एका टोपलीला धक्का नाही. पण हायवेवर ट्रक दिसला की सगळं शिकलेलं विसरायच्या. घाबरलेला माणूस आपल्या सवयीचा आधार शोधतो, तसा त्यांनी शोधला. शिवण सरळ यायची तर कापडाच्या कडेवर नजर ठेवावी, अंतर बदलू देऊ नये, वेग बदलू देऊ नये, हे त्यांना झोपेतही ठाऊक. म्हणून ट्रक दिसला की त्या त्याच्या बाजूला येत, त्याची लांबलचक कड धरत आणि त्याच वेगाने, तेवढ्याच अंतरावर, मुकाट्याने मैलोन्‌मैल शिवण घालत जात. ना पुढे, ना मागे. नवरा कौतुक करायचा, "काय सरळ चालवतेस गं!" उरलेल्या डोळ्याला दिसत होतं त्या मानाने कौतुक खरंच होतं.

त्या दिवशी इंजेक्शनला निघाल्या होत्या. लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रक मधल्या पट्ट्यात होता आणि बाई कडेच्या पट्ट्यात, त्याच्या कमरेला लागून. शिवण मस्त चालली होती. आणि एकाएकी कापडच अंगावर आलं. ट्रक सरळ त्यांच्या पट्ट्यात शिरू लागला. चाक खिडकीएवढं झालं, मग खिडकीत दुसरं काही उरलंच नाही. बाईंनी ब्रेक दाबला, काकांनी आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबला. गाडी खडीवर घसरत थांबली. पुढे ट्रकही कडेला जाऊन उभा राहिला.

बाई एवढंच म्हणाल्या, "अहो, मी परत फिरते. मला नाही जमणार."

दुरुस्तीला आलेलं हातातलं बंद घड्याळ काकांनी कानाला लावलं आणि खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बरं. फिरव." त्या "बरं"मध्ये डोळ्यावर पाणी सोडल्याचं बाईंना ऐकू आलं.

तेवढ्यात ट्रकवाला चालत आला. दाढी वाढलेला, पोट सुटलेला, खांद्यावर टॉवेल. बाईंना भीतीची जागा रागाने भरायला माणूस हवाच होता. त्यांनी त्याला असं काही झापलं की काका सीटमध्ये खाली सरकले. एवढी लालभडक गाडी दिसत नाही? डोळे गहाण ठेवलेत का? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग टॉवेलने तोंड पुसून म्हणाला, "ताई, तुम्ही होता कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या शेजारी! कधीपासून!"

"तेच चुकलं. चला, वर चढून बघा. मगाशी होती तशीच गाडी लावा माझ्या कडेला."

आता इथे कोणतीही शहाणी बाई नाही म्हणाली असती. पण गिऱ्हाईक म्हणालं खांद्यात घट्ट होतंय, तर अंगावर घालून बघितल्याशिवाय भांडायचं नाही, ही बाईंची दुकानातली शिस्त. त्यांनी गाडी ट्रकच्या कमरेला लावली, चपला काढून हातात घेतल्या, कारण त्या पायरीवर घसरत होत्या, आणि चढल्या. ड्रायव्हर खालीच थांबला. वर त्याच्या जागेवर बसून त्यांनी खिडकीतून पाहिलं, आरशात पाहिलं, मान लांब करून पुन्हा पाहिलं. रस्ता, खडी, लांबचं झाड.

"अहो, आहात ना तिथेच? हॉर्न वाजवा!"

खालून हॉर्न वाजला. अगदी जवळून, आणि कुठूनच नाही. "आणखी!" आणखी वाजला. नेमकी त्याच वेळी दूधवाल्याची बस बाजूने गेली.

बाई खाली उतरल्या तेव्हा राग वरच राहिला होता. ड्रायव्हरने मग फार काही शिकवलं नाही. ट्रकच्या बाजूच्या आरशात माझं तोंड दिसलं तर मला तुम्ही दिसता, म्हणाला; नाही दिसलं तर माझ्या लेखी तुम्ही नाहीच. एक तर मागे राहा, आरसे दिसतील इतक्या लांब, नाहीतर पुढे निघून जा. बाजूला रेंगाळू नका. आणि पुढे गेल्यावर तुमच्या आतल्या आरशात माझे दोन्ही दिवे दिसेपर्यंत माझ्यासमोर येऊ नका. "पाठीवर लोखंड आहे ताई. ब्रेक दाबला की मी थांबतो, पण बराच पुढे जाऊन."

बाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे ही शिवण नव्हेच. हे कापणं आहे. एकदा कात्री लावली की मध्ये थांबायचं नाही."

ट्रकवाल्याला शिवणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो म्हणाला, अगदी तसंच.

गाडी परत फिरली नाही. शहराच्या अलीकडे एक सिमेंटचा ट्रक लागला. बाई मागेच राहिल्या, रस्ता मोकळा झाल्यावर ओठ दाताखाली धरून त्याच्या बाजूला आल्या.

"तोंड दिसलं का?" काकांनी विचारलं.

"दिसलं. जांभई देतोय." आणि त्या सरळ पुढे निघून गेल्या. आतल्या आरशात दोन दिवे उगवले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. इंजेक्शन वेळेवर झालं. परतताना पट्टी बांधलेले काका चक्क घोरत होते, आणि बायकोला त्या घोरण्याइतकं गोड कौतुक उभ्या संसारात मिळालं नव्हतं.

पुढे काकांनीच आगीत तेल ओतलं. डोळा टिकला, तशी जीभही सुटली. गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगत, "आमची ही ट्रकवाल्याचं तोंड पाहिल्याशिवाय पुढे जातच नाही." इस्त्रीवाल्याच्या बायकोला आणखी काय हवं? शेवटी न राहवून ती कोपराला फाटलेला शर्ट घेऊन दुकानात आली, बराच वेळ हवापाण्याचं बोलली आणि मग म्हणाली, "वहिनी, राग मानू नका हं, पण त्या ट्रकमध्ये तुम्ही चढलात तरी कशाला?"

घड्याळाच्या पोटात भिंग लावून बसलेल्या काकांनी मान वर केली नाही, पण चिमटा थांबला. बाईंनी तोंडातली टाचणी काढली.

त्या ट्रकमध्ये चढल्या होत्या, ड्रायव्हरला आपली गाडी दिसते का ते बघायला. दिसत नव्हती.