मास्तरांचा बिनडोक्याचा मोर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी हल्ली चारचौघांत म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगतो, तुम्ही चहा घ्या तोवर. आधीच कबूल करतो, गोष्ट संपली की तुम्ही भुताला हसणार नाही, मला हसाल!

मी नेटवर्कचं काम करतो. मूळचा शिरपूरकडचा, घर सुरतेजवळ उधन्यात. बमरोलीत साड्यांचा एक कारखाना आहे, जॅकार्डचे म्हणजे नक्षी विणणारे माग, सगळे कॉम्प्युटरवर चालणारे. सकाळी माग चालू केला की तो आधी दोन गोष्टी विचारतो: माझा नंबर काय, आणि आज विणू काय? ऑफिसातला सर्व्हर त्याला नंबर देतो आणि नक्षीचं नाव सांगतो. नाव कळलं की माग ती नक्षी घेतो आणि कामाला लागतो.

पूर्वी हे उत्तर अण्णा मास्तरांचा कॉम्प्युटर द्यायचा. मास्तर म्हणजे तिथले नक्षी काढणारे. एक मोर काढता काढता खुर्चीतच गेले बिचारे. पिसारा झाला होता, अंग झालं होतं, मानेपासून वरचं राहिलं.

कामगारांनी त्यांचा कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. मास्तर उठून गेलेत, काम अर्धं आहे, मग यंत्र विझवायचं कसं? केबिनला कुलूप लागलं. रोज सकाळी शांतारामभाऊ, सगळ्यांत जुने कारागीर, कुलूप उघडून त्या पडद्यापुढं उदबत्ती लावतात आणि पुन्हा कुलूप घालतात. आत तो बिनडोक्याचा मोर उजेडात एकटाच उभा. मी एकदा काचेतून पाहिला होता. दुसऱ्यांदा पाहायची इच्छा झाली नाही.

मास्तरांच्या जागी वैशाली आली, नंदुरबारची. घरच्यांनी तिचं लग्न जमवत आणलं होतं, आणि ही भांडून नोकरीला आली होती. नोकरी टिकली तर सुरत, नाहीतर परत जाऊन बोहल्यावर. कारखान्याच्या शेठनं तिला अजून कायम केलेलं नव्हतं.

तर एका सुट्टीच्या दिवशी मी नवा स्विच बसवला, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या तारा जिथं एकत्र येतात ती पेटी. एका स्विचच्या पोटात दोन वेगळी घरं करता येतात, मधे पक्की भिंत. एका घरात नवा सर्व्हर, दुसऱ्यात मास्तरांचा कॉम्प्युटर. भिंत हवीच होती, कारण नव्या सर्व्हरला मी मास्तरांच्या कॉम्प्युटरचाच नंबर दिला होता, सगळ्या यंत्रणेला तोच ओळखीचा म्हणून. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन दारं ठेवली तर पोस्टमन वेडा होईल की नाही? मागाचा प्रश्न सर्व्हरपर्यंत नेणारा एक निरोप्याही स्विचमध्ये असतो, त्याला आम्ही रिले म्हणतो. सगळं झालं, पडद्यावर हिरवे दिवे लागले. त्या दिवशी घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसलेली होती, तिच्या नैवेद्याच्या रोटांचं जेवण वाट पाहत होतं. मी दणादण आवरलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन. लगेच या.

मागांच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायलासुद्धा ओरडावं लागतं. त्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. सगळे माग थांबलेले. कारागीर भिंतीला टेकून उभे. आणि प्रत्येक मागावर, अगदी प्रत्येक मागावर, जरीचा मोर. पिसारा फुललेला, अंग भरलेलं, मान सुरू होते तिथं सुती धागे मोकळे लोंबत होते.

वैशालीनं कोयरीची नक्षी लावली होती. ऑफिसच्या पडद्यावर कोयरीच दिसत होती. माग मात्र मोर विणत होते.

शांतारामभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. हळूच म्हणाले, "भाऊ, हाऊ मोर मास्तरना शे. मास्तर नाराज शे."

मोर मास्तरांचाच होता; पण मास्तर कोणावर नाराज आहेत, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांनी वैशालीकडं पाहिलं.

शेठनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमच्या नव्या स्विचमुळं तर नाही ना? आता इथं माणसानं काय म्हणावं? तपासून सांगतो म्हणावं. मी म्हणालो, "शेठ, नेटवर्कचा काही संबंध नाही. ते मी स्वतः केलंय."

शेठनं मान हलवली. "तो पछी बेनने कही दो, कालथी ना आवे."

मग त्या मुलीला सांगा, उद्यापासून येऊ नकोस. इतकं सरळ! ती मागे उभी होती, तिनं ऐकलं. रडली नाही, ओढणीचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिली. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू? त्याहून जास्त भीती वाटत होती. केबिनच्या काचेमागं तो मोर, आणि इथं रांगेनं त्याची भावंडं.

मी नारळ आणवला. हो, मीच! इंजिनिअर माणूस. मास्तरांच्या केबिनपुढं फोडला, हात जोडले आणि म्हणालो, मास्तर, काय राहिलं असेल ते सांगा, पण या पोरीला सोडा.

आणि मग, आता नारळ फोडलाच आहे तर बघून घेऊ, म्हणून लॅपटॉप स्विचला जोडला. मागांना सकाळी उत्तर कोणी दिलं, त्याची नोंद उघडली. पडद्यावर एकच शब्द, इंग्रजी ठळक अक्षरांत.

मास्तर.

प्रत्येक मागापुढं तेच. उत्तर देणारे मास्तर, नक्षी सांगणारे मास्तर. मी शांतारामभाऊंना हाक मारली, त्यांनी पडद्याला वाकून नमस्कार केला. त्यांच्यामागं सगळी शेड रांगेत लागली. माझ्या लॅपटॉपच्या पाया पडायला!

वैशाली रांगेत आली नाही. माझ्या खांद्यावरून तिनं पडदा नीट वाचला.

"दादा, यंत्रात हे नाव आपोआप येतं का?"

"नाही. जो स्विच बसवतो तो टाकतो."

"मग स्विच कोणी बसवला?"

स्विचमधल्या त्या दुसऱ्या घराला काहीतरी नाव द्यायचं होतं, आणि मी, याच हातांनी, मास्तर असं दिलं होतं. सुट्टीच्या दिवशी आधी त्यांच्या कॉम्प्युटरची चाचणी घेतली होती. त्या चाचणीसाठी लिहिलेली ओळच उचलून मागांच्या निरोप्याला चिकटवली. नंबर दोन्हीकडं सारखाच, त्यामुळं ओळ बरोबर दिसली. घराचं नाव बदलायचं राहिलं, कारण डोळ्यांपुढं रोट होते. निरोप्या गेला मास्तरांच्या घरी. त्यांच्या कॉम्प्युटरनं इमानदारीनं आपली शेवटची नक्षी सांगितली.

एक शब्द बदलला. माग पुन्हा चालू केले. खडखडाट सुरू झाला आणि पहिली कोयरी उतरली.

शेठपुढं सगळं कबूल केलं, वैशालीसमोरच. शेठ म्हणाला, "आना करतां तो भूत सारुं हतुं."

याच्यापेक्षा भूत बरं होतं!

वैशाली कायम झाली. पहिलं काम तिनं काय केलं असेल? मोराला मान दिली, डोकं दिलं, डोळ्यांत हिरवा धागा. पहिल्या साडीचा पदर शांतारामभाऊंनी केबिनमध्ये नेऊन पडद्याला दाखवला, आणि मग स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर बंद केला.

मला वाटलं, आता उदबत्ती बंद होईल. परवा गेलो तर लागलेली होती. केबिनमध्ये नव्हे, स्विचच्या कपाटापुढं. मी म्हटलं, भाऊ, मास्तर तर सुटले, आता ही कोणासाठी?

शांतारामभाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमना हात लागस ना त्याले, म्हणीसन."