टेबलावरचं कुंकू

खंडेनवमी जवळ आली की ते प्रकरण अजून डोळ्यांपुढे उभं राहतं.

मी मूळचा विदर्भातला. शाळा लवकर सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि बढत्या घेत फौजदार झालो. शेवटची वर्षं कर्जत-खालापूर भागात काढली. परक्या मुलखात इथल्या लोकांनी मला सांभाळून घेतलं, ते विसरणं शक्य नाही. पण कायद्याची जड भाषा समोर आली की मी जाणकार माणूस शोधायला निघायचो.

तशीच एक तक्रार आली. परदेशात नोंदलेली एक कंपनी खोपोलीच्या कारखान्यांना यंत्रांचे भाग विकायची. खालापूरजवळ तिचं गोदाम होतं. कंपनीच्या इथल्या साहेबांचं म्हणणं असं, की गोदाम सांभाळणारा, दहिवली गावचा माणूस कंपनीच्या नावावर परस्पर सौदे पक्के करतो. त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करा.

नेमकी तेव्हाच त्या कंपनीची आयकर खात्याकडून चौकशी चालू होती. मी त्यांच्या अधिकारी बाईंना गाठलं. "मॅडम, मी कमी शिकलेला माणूस. सोपं करून सांगा."

त्या म्हणाल्या, "कंपनी कुठे नोंदली, एवढ्यावर भागत नाही. इथे नुसता माल ठेवला तर बहुधा इथला कर लागत नाही. पण इथे बसून सौदे ठरत असतील, तर इथल्या धंद्याच्या नफ्यावर इथे कर द्यावा लागतो."

म्हणजे सौदे त्या माणसाने चोरून केले असं ठरलं, तर कंपनी करातून सुटणार आणि तो आत जाणार. मला घोर लागला.

नोटीस देऊन त्याला बोलावलं. तो खाली मान घालून बसला. "साहेब बोलले, गप ऱ्हा, वकील देतो."

"अरे, वकील त्यांचा आणि तुरुंग तुझा. कळतंय का?"

घाबरलेला माणूस खोटं कमी बोलतो, गप्प जास्त बसतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. त्याला चहा देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगेना. "त्याला नका उचलू, साहेब. तो नाय करीत सौदं. आतल्या खोलीतली खुर्ची कोनाची हाय, ते बगा." फोन बंद.

पंच घेऊन गोदामात गेलो. साहेबांनाही बोलावलं होतं. आतल्या खोलीत टेबल आणि गुबगुबीत खुर्ची.

"इथे कोण बसतं?"

"कोणीच नाही. सगळे व्यवहार परदेशातल्या ऑफिसातून होतात. मी फक्त माल बघायला येतो."

वजनकाट्यावर, माल ओढायच्या गाडीवर सुकलेलं हळदकुंकू होतं. तेच टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर, शिक्क्याच्या डबीवरही. खंडेनवमीला माणूस ज्यावर पोट चालतं तेच पुजतो. रिकाम्या खुर्चीला कुंकू कोण लावेल?

गोदामात जेवण करणाऱ्या मावशींना विचारलं, "पूजा कोणी मांडली?"

"मीच की! साहेब बोललं, मावशी, पयला मान या टेबलाला. समदं काम हितंच व्हतंय."

"ही बाई काहीतरी चुकतेय," साहेब म्हणाले.

"अवो, असं काय करता! आरती तुमीच केली. कारखान्याची मान्सं रेट ठरवाया आली व्हती, त्यांना पेढं तुमच्याच हातानं दिलं. तवा ग्वाड लागलं, आन् आता वळख नाय?"

मावशींनी पदराने हात पुसून मोबाइल काढला आणि पूजेचा फोटो दाखवला. आरतीचं ताट साहेबांच्या हातात, मागे कारखान्यांचे लोक. मावशींचा आवाज ओळखीचा वाटला. ठाण्यात आलेला तो निनावी फोन कोणाचा, ते मी विचारलं नाही.

त्या लोकांचे जबाब घेतले. रेट आणि अटी साहेबांनीच त्या टेबलावर पक्क्या केल्या होत्या. दहिवलीचा माणूस माल मोजून द्यायचा, एवढंच. त्याच्यावरची तक्रार खोटी निघाली. अहवाल वरिष्ठांमार्फत आयकर खात्याला गेला. कर किती बसला, ते आमचं काम नव्हतं.

तो माणूस भेटायला आला. हात जोडून उभा राहिला. "अरे, मावशींच्या पाया पड," म्हटलं.

माणसाची हजेरी पाटीवर नसते, जिथे त्याचं काम होतं तिथे असते. मीही घरापासून लांब इथेच हजर होतो. पुढच्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा मांडली, तेव्हा बंदुकांशेजारी तक्रारदाराची लाकडी खुर्ची ठेवली; आमचं काम तिथूनच सुरू होतं. पोरं हसली. पहिलं कुंकू मी तिला लावलं.