बुधवार सोडून कधीही या

ज्याने ओढ्याला वाट दिली आणि वाटेवरच्या लेकराला सोबत दिली, ज्याच्या दारी गरिबाला ताटकळावे लागत नाही, त्या कृपाळू प्रभूला आधी वंदन! त्याचे नाव घेतले की आमच्या पिनहुक काउंटीत आणखी एक नाव आपोआप ओठांवर येते: ओझेला मॅक्रे.

एकोणतीस वर्षे या बाईंनी शाळेची पिवळी बस हाकली. उत्तर फ्लोरिडातल्या लाल मातीच्या वाटा, दुतर्फा पाइनची राने आणि पाठीमागे चाळीस लेकरांचा किलबिलाट. एका वर्षी पुराने ओढ्यावरचा पूल नेला. पलीकडची मुले दीड मैल चिखल तुडवीत बसपर्यंत येऊ लागली. ओझेलाबाईंनी शाळांच्या अधीक्षकांना बियाण्याच्या दुकानात गाठले. म्हणाल्या, "साहेब, उद्या माझ्या बसनं चला. बूट तेवढे जुने घाला." साहेब आले. येणे भागच होते; आमच्याकडे अधीक्षकपद लोकांच्या मतांवर मिळते. नोव्हेंबरात मते मागायला त्यांना त्याच चिखलातून जायचे होते. ख्रिसमसच्या आत पूल उभा राहिला.

आणि मग एके वर्षी प्रस्ताव आला: अधीक्षक लोकांनी निवडू नये, शाळा मंडळाने नेमावा; नोव्हेंबरात लोकांनी त्यावर कौल द्यायचा. निवृत्त ओझेलाबाई पुन्हा उठल्या. पुलाहूनही खोल एक कारण होते. त्यांच्या आईला, केवळ कातडी काळी म्हणून, तरुणपणी मतपेटीजवळ फिरकू दिले नव्हते. चाळिशी उलटल्यावर ती माउली पहिल्यांदा मत द्यायला गेली, आणि तिची पहिली खूण पडली ती अधीक्षकाच्या नावापुढे. "माझ्या लेकीच्या शाळेचा कारभारी मी निवडला," हे ती अखेरपर्यंत सांगत राहिली. आता मतपत्रिकेवरची तीच ओळ पुसली जाणार होती.

प्रस्तावाचे पुढारी वकील ड्वेन थॅगार्ड. तीन वर्षांपूर्वी टॅम्पाहून येऊन तळ्याकाठी स्थिरावलेले. माणूस सरळ, बोलणे तिखट. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांच्या मेळाव्यात त्यांनी, आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने म्हणतात तसे ‘मिस’ म्हणत, सर्वांदेखत विचारले, "मिस ओझेला, आजारी पडल्यावर तुम्ही डॉक्टर मतदानानं निवडता का?"

"नाही रे बाळा. पण गुण आला नाही, तर डॉक्टर बदलायला मला कुणाच्या मंडळाला विचारावं लागत नाही!"

हशा पिकला. वकीलसाहेब चिडले आणि त्यांनी मोठी सभा जाहीर केली. राज्याच्या राजधानीतून विद्वान वक्ता, दोनशे खुर्च्या. वेळ, बुधवारी संध्याकाळी सात.

बुधवारी! आमच्याकडे बुधवारची संध्याकाळ प्रार्थनेची. काळ्यांचे चर्च असो वा गोऱ्यांचे, त्या वेळी फुटबॉलचा सरावसुद्धा थांबतो. ओझेलाबाईंचे यजमान लुशस हसत सुटले. "गप्प बस, ओझी. पडू दे त्याला तोंडावर."

"देवाचा वार मी माझ्या जिंकण्याला जुंपू?" असे म्हणून बाईंनी वकिलांना फोन लावला. "बाळा, वार बदल. बुधवारी कुणी यायचं नाही."

"घाबरलात वाटतं, मिस ओझेला?" पलीकडून हसू आले.

बुधवारी दोनशे खुर्च्यांवर अकरा माणसे बसली. त्यांतली नऊ थॅगार्डांच्या प्रचार समितीचीच. वक्ते घड्याळाकडे पाहत होते, थॅगार्ड दाराकडे. तेवढ्यात, आठच्या सुमारास, चर्चची बस दारात थांबली. सुकाणूवर ओझेलाबाई, मागे सारी प्रार्थनासभा. मांडीवर तळलेल्या माशांचे डबे, रताळ्याच्या सारणाचे भाजलेले गोडधोड.

"प्रार्थना झाली, आता तुमचं ऐकायला आलो," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांना आधी जेवू द्या. उपाशी माणसाला हरवण्यात काय शोभा?"

वक्ते जेवले, मग बोलले. सर्वांनी मन लावून ऐकले. शेवटी ओझेलाबाई उभ्या राहिल्या. आईच्या पहिल्या खुणेची गोष्ट त्यांनी सांगितली आणि वकिलांकडे वळल्या.

"विद्वान कुठूनही आणता येतो, बाळा. पण आमचा बुधवार तुला तीन वर्षांत कळला नाही. ज्याला आमच्याकडं मत मागायला यावंच लागत नाही, त्याला तो कधी कळणार?"

थॅगार्डांनी मान खाली घातली; आणि त्यांचा मोठेपणा असा की पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

नोव्हेंबरात निकाल लागला. चार हजार एकशे अठरा विरुद्ध दोन हजार तीनशे सहा, ओळ राहिली! चर्चची घंटा वाजली, बसचे भोंगे वाजले, आणि ओझेलाबाई आईच्या थडग्याशी जाऊन एवढेच म्हणाल्या, "आई, तुझी खूण शाबूत आहे गं."

परतताना फाटकाशी थॅगार्ड उभे होते. "मिस ओझेला, पुढच्या खेपेला मीच अधीक्षकपदाला उभा राहिलो तर?"

"तर दारी ये. शेंगा उकडून ठेवते. बुधवार सोडून कधीही ये."

हे दयाघना, त्या दाराचा उंबरठा असाच सर्वांना खुला राहो. लुशसभाऊंचे हसू, ओझेलाबाईंचे बळ आणि त्या घरची पेटती चूल अखंड टिकून राहो. आणि त्या माउलीने केलेली खूण लेकरांच्या लेकरांच्या हातून पुन्हा पुन्हा उमटत राहो!