आजोबांवर घेतलेली ट्रायल

मुलांनो, गेल्या हिवाळ्यात आजोबा फोनवर येत नसत, तेव्हा मी तुम्हांला "झोपलेत" असं सांगायचे. खरं म्हणजे ते शेजारीच भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून निदान केलं आणि गोळ्या सुरू केल्या. दीड महिन्याने ते आपणहून दाढी करू लागले, पण हसत नव्हते. मला ते पुरेसं वाटलं नाही.

चैत्रात धुळ्याहून माझी नणंद आली. तिने जडीबुटीच्या पावडरीचा डबा आणला होता.

"वैनी, त्या गोया खाई खाईसन भाऊ दगड व्हई जाई." गोळ्या खाऊन खाऊन आपला भाऊ दगड होऊन जाईल, अशी तिला भीती.

मी हिशेब मांडला. पावडर गोळ्यांच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यात पडत होती. इथे सुरतेजवळ पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये मी बरीच वर्षं कॉस्टिंग पाहिलं. तिथला नियम असा, की नवा रंग परवडतो का याची ट्रायल घ्यायची तर आधी जुना पूर्ण बंद करायचा. दोन्ही एकत्र घातले तर कापडाला रंग कशाने चढला ते कळत नाही. मी तेच केलं. सोमवारी गोळ्या बंद, पावडर सुरू. रोजची नोंद ठेवायला वहीही आखली. डॉक्टरांना विचारलं नाही.

चार दिवसांत त्यांना चक्कर येऊ लागली, झोप उडाली. वही पाहून ते म्हणाले, "मनी ट्रायल चालू शे का?" मनी म्हणजे माझी. मी हसले. ते हसले नव्हते.

दहाव्या दिवशी भर दुपारी शेजारीण त्यांना हाताला धरून गच्चीवरून खाली घेऊन आली. कठड्याला टेकून उभे होते म्हणे. "ऊन खायला गेलो होतो," ते म्हणाले. सुरतेत त्या दिवसांत ऊन कोणी खात नाही.

संध्याकाळी डॉक्टरांसमोर मी वही ठेवली. त्यांनी ती उघडलीही नाही. "बा," गुजरातीत आईला म्हणतात तसं ते मला म्हणाले, "गोळ्या अशा एकदम बंद करतात का? एकदा विचारायचं तरी."

गोळ्या पुन्हा सुरू होऊन आता तीन महिने झाले. गच्चीला कुलूप आहे. मुलांनो, पावडर वाईट होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ज्यांचा जीव पणाला लागला होता, त्यांना मात्र मी विचारलं नव्हतं. सकाळी मी गोळी पुढे केली, की ते चष्मा लावतात, पाकिटावरचं नाव स्वतः वाचतात आणि मगच पाणी मागतात.