पीस लागलं होतं का?

इंगोले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या शाळेत आठवीच्या वह्या तपासत होते. फोन त्यांच्या मुलाचा होता. मेंदूत रक्तस्राव झाला, अकोल्याला नेईपर्यंत उशीर झाला, एवढं सांगून तो थांबला आणि म्हणाला, "ताई, डाक्टर विचारत होते, याच्या आधी कुठं पडले होते काय म्हणून. मी नाही म्हटलं. मले तं काई माहीत नाही." मी "बरं" म्हटलं. आज महिना होत आला, पण त्या एका 'बरं'ची मला लाज वाटते. कारण सर पडले होते. पाचच दिवस आधी, रिठदच्या शाळेच्या पटांगणात, पन्नास-साठ माणसांसमोर. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

टाळ्या का, ते सांगते. सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. नववीत असताना एकदा त्यांनी फळ्यावर 'यू कुड हॅव नॉक्ड मी डाउन विथ अ फेदर' असं लिहिलं, खिशातून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, कोंबडीचं एक पीस काढलं आणि मला पुढे बोलावलं. "हे मले लाव." मी भीतभीत त्यांच्या छातीला पीस टेकवलं, तर एवढा धिप्पाड माणूस धाडकन आडवा! वर्ग हसून हसून बेजार. सर कपडे झटकत उठले. "आपल्याले नवल वाटलं तं आपण तोंडात बोट घालतो. इंग्रजाच्या गुडघ्यातली ताकदच जाते. इतकी, का पिसानंबी माणूस पडावं." तेव्हापासून दरवर्षी नववीला हा पिसाचा धडा असायचा आणि सर दरवर्षी पडायचे.

ही म्हणण्याची रीत आली कुठून, असं कोणी विचारलं की मात्र ते सरळ सांगायचे, "दोन-अडीचशे वर्षांपासून तिकडच्या लिखाणात सापडते. पह्यले कोण बोललं, मले माहीत नाही." दुसऱ्या एखाद्या मास्तराने तिथे एक राजा आणि एक विदूषक उभा केला असता. मी स्वतः मास्तरीण झाल्यावर तेच केलं. मुलांना गोष्ट आवडते म्हणून राजा, दरबार, मोराचं पीस, सगळं रचून सांगितलं. सरांच्या कानावर ते गेलं आणि पंधरा दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मग स्वतःच फोन केला. "माहीत नाही म्हणायले जड जाते, म्हणून खोटं सांगाचं काय?" असे होते ते. हट्टी, चिडके, आणि खोट्याच्या बाबतीत भलतेच सोवळे. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

तर गेल्या महिन्यातला तो माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. सरांनी सत्तरी कधीच ओलांडलेली, पण जेवणं झाल्यावर सगळ्यांनी गिल्ला केला, सर, पीस! सर, पीस! काकू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. कोणीतरी माझ्या हातात पीस दिलं. मी हात पुढे केला आणि सर कोसळले. एरवी ते पाठीवर पडायचे, या वेळी कुशीवर पडले. टाळ्या, शिट्ट्या. उठून बसल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं... मग हसून म्हणाले, "जमलं ना?" मी म्हटलं, "एकदम, सर."

पीस लागलं होतं का? एवढंच मला कळत नाही. पिसाचा स्पर्श अंगाला होतो, धरणाऱ्या हाताला काही समजत नाही. मेळाव्याच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे, पण नेमक्या त्या क्षणी कोणाची तरी पाठ आड आली आहे. तो व्हिडिओ मी शाळेत पाहते, एसटीत पाहते, गॅसवर दूध ठेवून पाहते. पीस लागायच्या आधीच सर पडले असतील तर ते नाटक नव्हतं. मग त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि ते ओळखायला सगळ्यात जवळ मी होते.

शेवटी राहवेना. रविवारी दुपारी अनसिंगला त्यांच्या घरी गेले. काकू सुपात गहू निवडत होत्या. मी पाणीसुद्धा न पिता सुरुवात केली, "काकू, त्या दिवशी मेळाव्यात सर पडले ना..."

"पीस लागलंच नोतं," काकू म्हणाल्या. बोटं गव्हातच होती. "तुहा हात त्याईच्यापासून दूरच होता. मी समोर बसली होती, मले दिसलं."

मी त्यांच्या सुपासमोर बसले.

"येवढ्या पोराईसमोर मास्तर खरोखर पडला, असं झालं असतं तं त्याईले सहन नसतं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणून पह्यली टाळी मीच वाजवली."

मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पोराले कोण सांगन आता? तू का मी?"

मी फोन काढला आणि त्यांच्या मुलाचा नंबर लावला. तो उचलेपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.