आधी किडा दाखवा

इंदापूरच्या बाजारात शेतीच्या औषधांचं एक दुकान आहे. तिथले काउंटरवरचे गृहस्थ कुणालाही चटकन औषध देत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "आधी किडा दाखवा." त्यामुळे आम्ही शेतकरी तिथं काडेपेटीत किडे घेऊन जातो.

मध्यंतरी माझ्या चवळीवर मावा ही रस शोषणारी कीड पडली. त्यातच काळ्या, काटेरी अळ्या वळवळताना दिसल्या. मी घाबरून दुकान गाठलं. दुकानाच्या मालकांनी जालीम औषधाची बाटली काढलीसुद्धा. पण काउंटरवरच्या या गृहस्थांनी माझी काडेपेटी उघडली आणि ते हरखून म्हणाले, "तात्या, ही वैरी न्हाय. ढालकिड्याची अळी हाय, मावा खातीया. फवारू नगा!"

मालक भडकले, "तुमी हितं माल विकायला बसलाय का शाळा भरवायला?"

"दोन्हीला," असं म्हणून यांनी बाटली फळीवर परत ठेवली. 

आठवड्याभरात अळ्यांनी मावा फस्त केला. ते सांगायला गेलो, तर हे गृहस्थ भिंग लावून कुणाचा तरी किडा न्याहाळत होते. शेजारी मालक ओणवे होऊन विचारत होते, "ह्यो मारायचा का राखायचा?"